थेंबांचा रकाना

मी एक जुना पंप आहे, हे माझ्या अंगावरचे रंगाचे सात थर पाहून कोणीही सांगेल. कसला पंप, हे मात्र मलाच सांगावे लागेल; विहिरीवरचा आणि गच्चीवरच्या टाकीचा सोडून तिसरा पंप बहुतेकांनी पाहिलेला नसतो. मित्रांनो, मी बॉयलरचा सर्क्युलेशन पंप. बॉयलरमधले पाणी बॉयलरमध्येच फिरवत ठेवायचे, एवढे माझे काम. आता तेही नाही. बॉयलर हाउसच्या कोपऱ्यात दोन लाकडी ओंडक्यांवर मला ठेवले आहे, आणि आतले दिसावे म्हणून माझ्या पोटाला चौकोनी खिडकी कापली आहे. आत पाहायला संकोचू नका. लपवण्यासारखे काही उरलेले नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले पोलाद वाळूच्या साच्यात ओतले, ते निवले आणि माझे पोट तयार झाले. पोटात पाणी फेकणारे चाक बसवले, चाकाला दांडा जोडला. त्या दांड्याला शाफ्ट म्हणतात. त्याच दिवशी, त्याच वाळूत माझा जुळा भाऊही ओतला गेला. एका कागदाच्या कारखान्यात आम्हाला शेजारी शेजारी बसवले. मला 'एक नंबर' म्हणू लागले आणि त्याला 'दोन नंबर'. 'आमचा दोन नंबरचा सगळा कारभार उघड्यावर चालतो,' असे म्हणून कामगार हसत. भाऊ बिचारा सरळमार्गी होता. एक चालायचा तेव्हा दुसरा तयारीत उभा असायचा.

या तयारीला कारण होते. आमच्या डोक्यावर तीन मजले उंच बॉयलरचा ड्रम होता. त्यातले पाणी आपल्याच वजनाने माझ्याकडे उतरायचे. मी ते भट्टीभोवतीच्या शेकडो नळ्यांमधून ढकलायचो. तिथे ते आगीची उष्णता घ्यायचे, थोड्या पाण्याची वाफ व्हायची आणि दोन्ही पुन्हा ड्रममध्ये. वाफ ओला कागद वाळवणारे रूळ तापवायला निघून जायची, पाणी परत माझ्याकडे यायचे. आम्ही दोघेही थांबलो तर नळ्यांतले पाणी जागच्या जागी उकळून संपेल, उष्णता वाहून न्यायला कोणी उरणार नाही आणि नळी लाल होऊन फुटेल. आतला दाब असा, की पाणी उकळीच्या कितीतरी पुढे तापूनही पाणीच राहायचे. दाब सुटला की मात्र त्याच क्षणी त्याची वाफ. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझी अडचण सांगतो. माझे चाक आत पाण्यात आणि त्याला फिरवणारी मोटर बाहेर. म्हणजे शाफ्ट माझ्या अंगातून बाहेर काढायचा, तर तिथे भोक आलेच. भोक आले की पाणी बाहेर येणार. शाफ्ट फिरता ठेवायचा आणि पाणी मात्र अडवायचे, हे कसे जमावे?

जुनी पद्धत अशी होती. त्या भोकात शाफ्टभोवती तेलकट, चिवट दोरीचे वेढे भरायचे आणि बाहेरून एक पट्टी दोन नटांनी त्यावर दाबायची. याला ग्लँड म्हणतात. नट फार आवळले तर दोरी शाफ्टवर घासून जळते. फार सैल सोडले तर पाणी धो धो वाहते. म्हणून मधला मार्ग काढायचा आणि थोडे गळू द्यायचे. बाहेरच्या गार पाण्याने ग्लँडची जागा थंड ठेवलेली असायची, त्यामुळे तिथपर्यंत येता येता आतले पाणी निवायचे आणि थेंब थेंब पडायचे. तोच थेंब दोरी ओली ठेवायचा, तोच तिला जळू द्यायचा नाही. माझे गळणे हे माझ्या प्रकृतीचे लक्षण होते.

हे ज्याच्या हातात बसले होते तो आमचा फिटर. सगळे त्याला थेंबमास्तर म्हणत. मनगटावरचे घड्याळ काढून तो माझ्या बाजूला उकिडवा बसायचा आणि मिनिटभर थेंब मोजायचा. चाळीसच्या खाली गेले तर नट अर्धा फेरा सैल, साठच्या वर गेले तर अर्धा फेरा घट्ट. त्याच्याच आग्रहावरून नोंदीच्या कागदावर एक रकाना छापला गेला, 'थेंब, मिनिटाला', आणि खाली बारीक अक्षरात 'चाळीस ते साठ'. आम्हा दोघा भावांसाठी एकच कागद आणि एकच रकाना.

पुढे त्याची लेक बॉयलरची परीक्षा देऊन आमच्याकडे ऑपरेटर म्हणून आली. तिला माझ्याजवळ बसवून त्याने सगळे शिकवले. पहिल्याच आठवड्यातले त्यांचे बोलणे मला अजून आठवते.

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

"मनानं की मोजून?"

"मोजून, बाबा."

"इथं मास्तर म्हणायचं. बाबा घरी."

"मग घरी तरी थेंब सोडा ना, मास्तर. आई म्हणाली नळ गळतोय, तर तुम्ही म्हणालात, मिनिटाला बाराच आहेत, आवळू नको."

मास्तर हसला नाही, पण त्याची मिशी हलली. मग त्याने तिचा खांदा धरून तिला दोन पावले डावीकडे सरकवले. "ग्लँडच्या समोर बसायचं नाही. कधीच नाही. बाजूला बसून मोजायचं. त्याचा थेंब दिसला पाहिजे, त्याला आपलं तोंड दिसता कामा नये."

"हा काय लाजतो का?"

"तो लाजत नाही. आपण भाजतो."

त्यानंतर ती दर तासाला माझ्या बाजूला एका उलट्या डब्यावर बसायची आणि मोजायची. माझ्यापासून हातभर अंतरावर. एवढ्या वर्षांत इतक्या जवळ, इतक्या नेमाने दुसरे कोणी बसले नव्हते. माझ्यात काही बिघडले तर पहिली तीच सापडणार, हे मला तेव्हापासून ठाऊक होते. मला एवढी एकच भीती होती.

मग एक चष्मेवाले साहेब आले. त्यांनी ठरवले की एका पंपाला मेकॅनिकल सील बसवून पाहायचे; बरे चालले तर दुसऱ्यालाही बसवू. पाळी माझ्यावर आली. मास्तर तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर होता. साहेबांनी स्वतः हात धुऊन, स्वच्छ कापड अंथरून सील उघडले. त्यात दोन कडी होती. एक काळ्या कार्बनचे, दुसरे त्याहून पुष्कळ कठीण. दोघांची तोंडे आरशाहून सपाट घासलेली. बोटाचा ठसाही तिथे चालत नाही. एक कडे शाफ्टबरोबर फिरते, दुसरे जागेवर बसते, स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबून धरते. त्यांच्यामध्ये पाण्याचा एक पदर राहतो, केसाहून कितीतरी पातळ. त्या पदरावर ती दोन तोंडे आयुष्यभर न झिजता घसरत राहू शकतात. अट एकच, तो पदर थंड आणि स्वच्छ राहिला पाहिजे. म्हणून माझेच थोडे पाणी एका नळीने बाहेर काढून, लहानशा कूलरमध्ये गार करून, सीलभोवती फिरवायची सोय केली. नळीवर बोटाएवढा थर्मामीटर लावला. बाहेरून पाहिले तर पट्टी तीच, दोन नटही तसेच. मात्र ग्लँडचे नट थेंब कमीजास्त करायला असतात आणि सीलचे नट पट्टी घट्ट धरून ठेवायला. चालू पंपावर त्यांना हात लावायचा नसतो.

काळा चष्मा लावलेला मास्तर रजेवरून परतला तेव्हा साहेब घाईत होते. जाता जाता म्हणाले, "मास्तर, एक नंबरचे थेंब आता मोजायची गरज नाही."

मित्रांनो, हे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात फिरवून पाहिले आहे. साहेबांना म्हणायचे होते की आता थेंब पडताच कामा नये. एक जरी पडला तरी पंप थांबवा. मास्तरला ऐकू आले, तुमच्या मोजण्याची आता गरज नाही. वाक्य खोटे नव्हते. अर्धे होते. मास्तरने उरलेले अर्धे विचारले नाही, कारण तो दुखावला होता. साहेबांनी ते सांगितले नाही, कारण त्यांना ते इतके उघड वाटत होते, की सांगायचे राहिले आहे हेच त्यांना कळले नाही.

संध्याकाळी मास्तर लेकीला म्हणाला, "मोजायची गरज नाही म्हणे. मोजून काय बिघडतंय? तू मोज."

आणि ती मोजत राहिली. रकान्यात माझ्यासाठी शून्य, भावासाठी एकावन्न. शून्य, सत्तेचाळीस. शून्य, त्रेपन्न. अकरा महिने असे गेले. ते अकरा महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. सीलपाशी सगळे गार आणि शांत, बाहेर कोरडे. पण त्या शून्याकडे पाहून बापलेकीला चैन पडत नसे. 'एक नंबरनं मौन धरलंय,' असे कामगार म्हणायचे. मास्तर येता जाता माझ्या अंगावर हात ठेवायचा आणि पुढे जायचा. दरम्यान चष्मेवाल्या साहेबांची बदली झाली आणि भावाला सील बसवायचे राहून गेले. नवे साहेब आले ते सकाळी नोंदीचा कागद बघायचे. छापील मर्यादेबाहेरचा आकडा दिसला तर विचारायचे, नाही तर सही करायचे. माझ्या शून्याबद्दल त्यांनी एकदा विचारले. "त्याला सील आहे, साहेब," एवढ्या उत्तरावर त्यांचे समाधान झाले.

मग माझ्या कूलरच्या नळ्यांत क्षार साचू लागले. पाण्यातले चुन्यासारखे पांढरे थर, दिवसाला कणभर. सीलपाशी येणारे पाणी आधी कोमट झाले, मग गरम. थर्मामीटर ते इमानाने दाखवत होता, पण नोंदीच्या कागदावर त्याच्यासाठी रकाना नव्हता. त्या दोन तोंडांमधला पातळ पदर मधूनमधून वाफ होऊन उडू लागला. पदर उडाला की कडी क्षणभर कोरडी घासायची. कार्बनच्या कड्याची कड टवकली.

आणि माझा पहिला थेंब पडला.

तिने तो पाहिला. दुसऱ्या दिवशी पाच होते, आठवड्याने एकोणीस. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, हे सांगताना मला अजून कसेसे होते.

"मास्तर, एक नंबर बोलायला लागला."

मास्तर माझ्या बाजूला उकिडवा बसला. किती तरी दिवसांनी बसला. एक मिनिट मोजून उठला. "शेवटी पंपच आहे तो. गळत नाही तो पंप कसला?"

मित्रांनो, मी काय करू शकत होतो? मला तोंड नाही. मी तापू शकत होतो, फुसफुसू शकत होतो आणि गळू शकत होतो. तिन्ही केले. एकदा तिचा हात कूलरच्या नळीला लागला आणि तिने तो झटकन मागे घेतला. "मास्तर, ही नळी फार तापलीय." मला वाटले, सुटलो. मास्तर पलीकडून म्हणाला, "बॉयलर हाउसमध्ये गार काय असतं? तुझा चहा सोडून." ती हसली. तरीही तिने कागद उचलला, नळीच्या तापमानाचा रकाना शोधला. तो सापडला नाही, तेव्हा कागद खाली ठेवला.

आकडे चढत गेले. अठ्ठावीस, छत्तीस, त्रेचाळीस. मी मर्यादेत आलो. माझ्या आजाराचा आकडा चाळीस ते साठच्या घरात पोहोचला आणि सगळ्यांना हायसे वाटले. नव्या साहेबांनी सही केली. शेजारी भाऊ तयारीत उभा होता. त्याला चालू करून मला थांबवायला चार मिनिटे पुरली असती. पण धडधाकट दिसणाऱ्याला कोण झोपवतो?

यापुढची गोष्ट अधिक वाईट आहे. आकडा बावन्नपर्यंत गेला आणि उतरू लागला. गळती कमी झाली नव्हती, वाढली होती. पण आता पाणी इतके गरम झाले होते, की बाहेर पडता पडताच त्याचा बराच भाग वाफ होऊन जायचा. थेंब होऊन खाली पडायला थोडेच उरायचे. एकाच सकाळी एकतीस. बावीस. अठरा. मी जितका बिघडत होतो तितके माझे थेंब कमी होत होते.

मास्तरच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. दोन्ही पंप ठणठणीत करून लेकीच्या हाती द्यायचे, एवढेच तो येईल त्याला सांगायचा. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिने मोजले आणि त्याला हाक मारली.

"अठराच आहेत. आणि धूर निघाल्यासारखा दिसतोय."

"दोरी घासतेय," मास्तर म्हणाला. वर्षभरापूर्वीच माझी दोरी काढून टाकली होती, हे त्याला माहीत होते. पण त्याच्या हाताला ते माहीत नव्हते. "कुणीतरी आवळलाय. अर्धा फेरा सैल करू."

"मी करते."

"पहिला फेरा माझा. तू घड्याळ धर. आणि समोर नाही. बाजूला. अजून बाजूला."

त्याने घड्याळ काढून तिच्या हातात दिले. नटाला पाना लावला. एवढी वर्षे ज्या हाताने मला बरे केले, तोच हात, तीच सवय, तोच अर्धा फेरा. आतून मी शक्य तेवढा घट्ट राहण्याचा प्रयत्न केला. पण पंपाला स्वतःला धरून ठेवता येत नाही. पट्टी केसभर हलली. तिच्यामागे फट बुजवायला बसवलेले रबरी कडे उष्णतेने कडक झाले होते, ते ती फट भरू शकले नाही. आतल्या पाण्यावरचा दाब सुटला आणि ते त्या फटीतून बाहेर पडता पडता वाफ झाले.

ती वाफ सरळ समोर गेली. समोर कोणी नव्हते. फक्त मास्तरचा उजवा हात तिथे होता, कोपरापर्यंत.

तो ओरडला नाही. "बंद कर," एवढेच म्हणाला, तेही हळू. तिने त्याला कमरेला धरून मागे ओढले. मग पांढऱ्या धुक्यातून चाचपडत दोन नंबर चालू केला, मला थांबवले, माझे दोन्ही वॉल्व्ह फिरवून बंद केले. क्रम चुकला नाही. नळ्या वाचल्या. तिच्या मुठीत घड्याळ तसेच होते.

नंतर नव्या साहेबांनी मला उघडले. पांढऱ्या कापडावर काळे कडे ठेवले. त्याचे तीन तुकडे झाले होते. ती ते तुकडे जुळवून पाहू लागली. मग नोंदीचे कागद मागे मागे चाळत गेली आणि माझ्या पहिल्या थेंबाच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "इथं थांबवायला हवा होता. मी इथं हसले होते, साहेब."

साहेबांनी कागद आपल्याकडे ओढला. तळाशी त्यांची सही होती.

मास्तर पुन्हा कामावर आला नाही. दोन महिन्यांनी आपली हत्यारांची पेटी न्यायला आला, तेव्हा मी या ओंडक्यांवर आलो होतो. उजव्या हाताची कातडी गुळगुळीत झाली होती आणि बोटे अर्धवटच मिटत होती. त्याने डावा हात माझ्यावर ठेवला.

"एवढी वर्षं तुझं ऐकलं," तो म्हणाला. "या वेळी सांगितलं का नाहीस?"

मी सांगितले होते, मास्तर. माझ्यापाशी एकच शब्द होता, थेंब. तोच मी रोज उच्चारत होतो. माझ्या आतली वस्तू बदलली तेव्हा त्या शब्दाचा अर्थ उलटा झाला, आणि तुम्ही तो जुन्या अर्थाने, मायेने ऐकत राहिलात. हे मी त्याला कधीच सांगू शकणार नाही. लेक जवळ आली आणि हलकेच म्हणाली, "बाबा, चला." या वेळी त्याने तिला सुधारले नाही. पेटी तिने उचलली. तिने घड्याळ परत द्यायला पुढे केले, तर तो म्हणाला, "राहू दे तुझ्याकडं. माझ्या हाताला पट्टा सोसत नाही."

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, त्यांना पुसून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मला ते सगळे मिळाले होते. माझी हेळसांड कोणी केली नाही; माझ्याकडे दर तासाला कोणीतरी पाहत होते. म्हणून माझी विनंती थोडी वेगळी आहे. तुम्हालाही कोणीतरी प्रेमाने काही मोजायला शिकवले असेल. ते टाकून देऊ नका. मास्तरने तिला बाजूला बसायला शिकवले म्हणून ती आज आहे. पण एखादी वस्तू आतून बदलली, की तिचे जुने लक्षण तिला तसेच चिकटवून ठेवू नका. आकडा बरोबर आला की लगेच निश्चिंत होऊ नका. तो कशाचा आकडा आहे, हे एकदा विचारा. आणि कोणी घाईत अर्धे वाक्य टाकून गेले, तर त्याच्या मागे जा आणि उरलेले अर्धे मागून घ्या, मन दुखावलेले असले तरीही.

आता माझ्या जागी नवा पंप आहे. त्याला सील आहे आणि भावालाही सील बसले आहे. नोंदीचा कागद तिने नव्याने आखला. त्यात कूलरच्या नळीच्या तापमानाचा रकाना आहे. थेंबांचा रकानाही तिने ठेवला, फक्त 'चाळीस ते साठ' खोडून तिथे लिहिले, 'एकही पडला तर पंप थांबवा'.

दर तासाला ती येते. भावाच्या बाजूला, समोर नाही, त्याच उलट्या डब्यावर बसते. मनगटावर बापाचे घड्याळ आहे, पट्ट्याला जादा भोक पाडलेले. एक नजर टाकली तरी कळेल की खाली फरशी कोरडी आहे. पण ती उठत नाही. सेकंदाचा काटा पूर्ण एक फेरा फिरेपर्यंत ती शून्य मोजते.

मग ते लिहिते, आणि जाताना माझ्याकडे एकदा बघते.